अजून उडतंय!

फोटो कृष्णधवल. चार इंजिनांचं एक भलंमोठं अमेरिकन बॉम्बर विमान आकाशात सरळ चाललेलं दिसतं. पुढचा अर्धा भाग पाहिला तर त्यात वावगं काहीच नाही. मग नजर मागे सरकते आणि तिथेच अडकते. विमानाचं धड निमुळतं होत जिथे शेपटीला मिळतं, तिथे वरपासून खालपर्यंत तिरपा, खोल काप गेला आहे. शेपटीचा डावा आडवा पंख मुळातूनच गायब. शेपटी लटकून आहे ती पत्र्याच्या एका अरुंद पट्ट्यावर. हा कोसळण्याआधीचा शेवटचा क्षण असणार, असंच कुणालाही वाटेल. पण तसं नाही! फोटो काढल्यानंतरही हे विमान उडत राहिलं, तळावर पोचलं, धावपट्टीवर टेकलं, आणि आतले दहाच्या दहा जण धडधाकट खाली उतरले.

विमानं हा माझा विषय कधीच नव्हता. युद्धाची पुस्तकं तर मी टाळतच आले. पण हा फोटो पाहिला आणि डोक्यात एकच प्रश्न घुमू लागला: हे शक्य कसं झालं? ‘नशीब’ या उत्तरावर माझं समाधान होईना. मग मिळेल ते वाचत सुटले. विमानाच्या सांगाड्याचे आराखडे, शौर्यपदकांची मानपत्रं, वैमानिकांच्या आठवणी, आणि शेवटी तर संख्याशास्त्रसुद्धा. आता माझ्यासमोर जो बसेल त्याला मी हेच सांगत असते, आणि इथेही तेच करणार आहे.

तर त्या विमानाचं नाव ‘ऑल अमेरिकन’. जात बी-१७, म्हणजे ज्याला ‘फ्लाइंग फोर्ट्रेस’, उडता किल्ला म्हणत ते. तारीख १ फेब्रुवारी १९४३. आदल्या नोव्हेंबरात दोस्तांच्या फौजा मोरोक्को आणि अल्जीरियाच्या किनाऱ्यावर उतरल्या होत्या, पण ट्युनिशिया अजून जर्मनांच्या हातात होता. त्यांची रसद यायची ट्युनिस आणि बिझर्ट या बंदरांतून. अमेरिकेच्या ९७व्या बॉम्बर ग्रुपचा तळ सहाराच्या काठावर, अल्जीरियातल्या बिस्क्रा या गावी होता. तिथून ही विमानं निघायची, डोंगर ओलांडायची, बंदरांवर बॉम्ब टाकायची आणि परत यायची. ‘ऑल अमेरिकन’चा पायलट होता लेफ्टनंट केन्ड्रिक ब्रॅग.

त्या दिवशी बॉम्ब टाकून ताफा परत फिरला होता. दोन जर्मन मेसरश्मिट समोरून थेट अंगावर आली. एकानं ताफ्याच्या म्होरक्याला गाठलं, दुसऱ्यानं ‘ऑल अमेरिकन’ला. समोरून हल्ला करणारं लढाऊ विमान गोळ्या झाडून ऐन वेळी पलटी घेतं आणि बॉम्बरच्या खालून निसटतं. हे पलटी घेऊ लागलं, पण अर्ध्यातच थांबलं. बहुधा बॉम्बरच्या गोळ्यांनी त्याचा वैमानिक तोवर संपला होता. ब्रॅगनं दांडा पुढे दाबला, नाक खाली घातलं, आणि मेसरश्मिट त्याच्या डोक्यावरून गेलं. पण मागची शेपटी उंच असते. तिला ते चिरत गेलं.

पायलटच्या खुर्चीतून मागचं काही दिसत नाही! ब्रॅगला एक हलका धक्का जाणवला, एवढंच. मग लक्षात आलं की विमान सरळ राहायला तयार नाही, नाक सारखं वर उचलतं आहे. दोघा पायलटांनी हातांनी, गुडघ्यांनी दांडा दाबून धरला, तरी पुरेना. शेवटी त्यांनी इंजिनांची ताकद कमी करून पाहिली आणि विमान जरा शांत झालं. मी हे वाचताना अक्षरशः उभी राहिले होते. विमान वर-खाली करायची जी साधनं शेपटीत असतात ती मोडली, तर पुढच्या चार इंजिनांनी तेच काम करून घ्यायचं, हे त्या माणसाला आकाशात, काही सेकंदांत सुचलं!

डोंगर ओलांडल्यावर ब्रॅगनं विमान सहवैमानिकाच्या हाती दिलं आणि तो मागे बघायला गेला. समोर फाटलेल्या पत्र्यांचा, लोंबणाऱ्या तारांचा पसारा, आणि त्यापलीकडे उघडं आकाश. हे पाहून तो परत आला आणि पुन्हा आपल्या खुर्चीत बसला. या ‘पुन्हा खुर्चीत बसला’ वर मी फार वेळ थांबले. काय झालं आहे ते ठाऊक नसताना विमान चालवणं एक, आणि ते डोळ्यांनी बघून आल्यावर पुन्हा दांडा हातात घेणं दुसरं.

बरोबरच्या विमानांनी आपला वेग कमी केला आणि शत्रूच्या टप्प्याबाहेर पडेपर्यंत त्याला एकटं सोडलं नाही. तो फोटोही शेजारून उडणाऱ्या दुसऱ्या बी-१७ मधून काढलेला आहे. बिस्क्रा दिसल्यावर ब्रॅगनं उंचीवरच चाकं आणि पंखांच्या झडपा उघडून बघितल्या, धोक्याचे दिवे सोडले, लांबलचक वळण घेतलं आणि विमान अगदी अलगद टेकवलं. शेपटीचं चाक निकामी होतं, मागचा भाग जमिनीवर घासत गेला. रुग्णवाहिका धावत आली, पण तिला काही कामच नव्हतं.

रात्री जेवताना आईला हे सगळं सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि शेपटीत कुणी होतं का गं?”

होतं ना! बी-१७ च्या शेपटीच्या टोकाला एक गनर बसतो, मागे तोंड करून, गुडघ्यांवर. ‘ऑल अमेरिकन’मध्ये तिथे सॅम सार्पोलस होता. धडक झाली तेव्हा तो त्या कापाच्या पलीकडे होता, आणि तोही सुखरूप घरी आला. हे ऐकल्यावर आईनं पुढचा घास घेतला.

या विमानाभोवती पुढे दंतकथाही खूप जमल्या. ते याच अवस्थेत थेट इंग्लंडला पोचलं असंही सांगितलं जातं. ते खरं नाही. पण जे खरं आहे तेच इतकं थोर आहे की त्यात भर घालावीशी कुणाला का वाटावी, हे मला समजत नाही. हेही खरं आहे की हे विमान दुरुस्त होऊन पुन्हा उडू लागलं. आणि त्या तुकडीनं पुढे आपल्या बोधचिन्हावर विमानाच्या शेपटीवर बसून प्रार्थना करणारं कुत्र्याचं पिल्लू काढलं.

पण शेपटीला धरून ठेवणारा तो पट्टा टिकला कसा? इथे मला सांगाड्याची गोष्ट सापडली आणि माझी झोपच उडाली. बी-१७ च्या धडात गोल कडी एकामागे एक उभी असतात, त्यांना लांबीच्या दिशेनं पट्ट्या जोडलेल्या असतात आणि वर ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटांनी ठोकलेला असतो. हा पत्रा नुसतं झाकण नव्हे, तोही भार वाहतो. म्हणून एखादी बाजू फाटली की तिथला भार गोल फिरून उरलेल्या बाजूवर जातो. सगळं वजन एकाच खांबावर सोडलेलं नसतं. हे विमान पहिल्यांदा उडालं २८ जुलै १९३५ ला, म्हणजे ब्रॅगच्या त्या दिवसाच्या साडेसात वर्षं आधी. सिएटलला बोइंगच्या आराखडा-खोलीत बसून कुणीतरी या पट्ट्यांची जाडी ठरवली होती. युद्धाच्या काळात तिथल्या कारखान्यात रिव्हेट ठोकणाऱ्या हातांत बायकांचे हात मोठ्या संख्येनं होते. त्यातल्या कुणाला ‘ऑल अमेरिकन’च्या त्या पट्ट्याबद्दल कधी कळलं असेल का?

मला ‘चमत्कार’ हा शब्द इथे पुरत नाही. चमत्कार म्हटलं की विचार थांबतो. मला उलट प्रत्येक मोडक्या विमानात किती जणांनी आधीच केलेला विचार उभा आहे, हे दिसू लागलं आहे.

आता वेलिंग्टन. माझं सगळ्यात लाडकं विमान!

हे ब्रिटिशांचं दोन इंजिनांचं बॉम्बर. त्याचा सांगाडा काढला बार्न्स वॉलिस यांनी. वॉलिस आधी वायूनं भरलेली मोठी हवाईजहाजं बांधत असत. आर-१०० या हवाईजहाजाच्या कामातला अनुभव घेऊन ते विमानांकडे वळले. वेलिंग्टनचं धड आणि पंख म्हणजे हलक्या धातूच्या पट्ट्यांची तिरपी जाळी, एक पट्टी डावीकडून, एक उजवीकडून, एकमेकींना छेदत जाणारी. आपल्याकडची बांबूची टोपली डोळ्यांसमोर आणा. चार काड्या तुटल्या तरी टोपली बसकण मारत नाही, कारण प्रत्येक काडीला शेजारच्या कितीतरी काड्यांनी धरलेलं असतं. या जाळीवर पत्रा नव्हता. वर ताणून बसवलेलं आणि लेप देऊन घट्ट केलेलं लिननचं कापड होतं. युद्धातलं बॉम्बर, आणि अंगावर कापड! तोफेचा गोळा अनेकदा त्यातून आरपार जायचा आणि भोक मागे ठेवून निघून जायचा. ज्यांचं कापड हातभर, वावभर जळून गेलं आहे आणि आतली जाळी उघडी पडली आहे, अशा परतलेल्या वेलिंग्टनांचे फोटो आहेत. बघाच ते.

७ जुलै १९४१ च्या रात्री इंग्लंडमधल्या फेल्टवेल तळावरच्या ७५व्या न्यूझीलंड स्क्वाड्रनचं एक वेलिंग्टन जर्मनीतल्या म्यून्स्टरवर बॉम्ब टाकून परत येत होतं. हॉलंडच्या झुयडर झेवर, १३,००० फुटांवर, एक मेसरश्मिट ११० खालून वर आलं आणि त्यानं तोफेचे गोळे पोटात घातले. मागच्या गनरच्या पायाला लागलं, तरी त्यानं उलट गोळ्या झाडून त्या विमानाला पिटाळलं. पण उजव्या इंजिनाशी पेट्रोलची नळी फुटली आणि आग लागली. तीही कापडाच्या पंखावर!

आतल्यांनी धडाच्या कापडाला भोक पाडलं आणि आग विझवायची नळकांडी त्यातून रिकामी केली. थर्मासमधली कॉफीसुद्धा फेकली. पोचेना. कॅप्टन विडोसन यांनी पॅराशूट घालून उडी मारायची तयारी करायला सांगितलं.

विमानात जेम्स वॉर्ड नावाचा सहवैमानिक होता. वय २२. न्यूझीलंडमधल्या व्हांगानुईचा, पेशानं शिक्षक. तो म्हणाला की मी बाहेर जातो.

बाहेर! रात्री, समुद्रावर, चालू विमानाच्या पंखावर! वाऱ्याचा जोर कमी लागावा म्हणून त्याला पॅराशूटही घालायचं नव्हतं. बाकीच्यांनी कसंबसं समजावून ते घालायला लावलं. रबरी होडीचा दोर त्याच्या कमरेला बांधला, दोराचं दुसरं टोक नेव्हिगेटर लॉटननं धरलं. तारे बघायला छतात जी छोटी घुमटी असते, तिच्या भोकातून वॉर्ड वर निघाला. मग धडाच्या कापडाला लाथा मारून त्यानं भोकं पाडली, त्यांत बोटं आणि बूट रोवले, आणि आतल्या जाळीला धरत तीन फूट खाली पंखावर उतरला. तिथून पुन्हा तशीच भोकं पाडत आणखी तीन फूट, इंजिनाच्या मागे. पंख्याचा झोत त्याला उचलून फेकू बघत होता. पोटावर पडून, एका हातानं जाळी धरून, दुसऱ्या हातातल्या कॅनव्हासच्या आवरणानं त्यानं पंखावरची आग दाबून विझवली. ते आवरण त्यानं भोकात, गळक्या नळीवर कोंबायचा प्रयत्न केला, पण हात काढला की वारा ते उपटायचा. अखेर ते उडूनच गेलं.

परत येताना अंगातलं बळ संपलं होतं. लॉटननं दोर ओढत त्याला आत घेतलं. इंजिनाशी अजून थोडी आग होती, पण आजूबाजूला पेटायला कापडच उरलं नव्हतं. ती आपली आपण विझली. विमान न्यूमार्केटला उतरलं.

मी यावर किती विचार केला ते काय सांगू! ज्या कापडामुळे विमान पेटून भस्म व्हायचं होतं, त्याच कापडात लाथेनं पायरी पाडता आली. पत्र्याच्या विमानावर वॉर्डला बोट रोवायला जागा मिळाली नसती. आणि आतली तिरपी जाळी, जी वॉलिस यांनी भार वाहण्यासाठी आखली होती, तीच त्या रात्री एका शिक्षकाच्या हातात शिडी झाली. वॉलिस यांनी हे नक्कीच योजलं नव्हतं. पण चांगल्या कामातून कर्त्याच्या मनातही नसलेले उपयोग निघतात, यावर आता माझा पक्का विश्वास बसला आहे.

वॉर्डला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. पुढच्याच सप्टेंबरात हॅम्बुर्गवर त्याचं विमान पडलं आणि तो गेला. हे मला दोन ओळींतच लिहायचं आहे, कारण जास्त लिहवत नाही.

थंडीबद्दल मात्र बोललंच पाहिजे. पंचवीस हजार फुटांवर पारा शून्याखाली चाळीसच्या आसपास जातो. बी-१७ मध्ये आजच्या प्रवासी विमानासारखी दाबाची आणि उबेची सोय नव्हती. प्रत्येकाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा, अंगात विजेवर तापणारे कपडे. उघड्या हातानं धातूला शिवलं तर कातडी चिकटून निघायची. आता या थंडीत विमानाचं नाकच उडालं तर?

तेही झालं! १५ ऑक्टोबर १९४४, कोलोन. लेफ्टनंट लॉरेन्स डिलान्सी यांच्या बी-१७ च्या नाकात तोफेचा गोळा फुटला. पायलटांच्या पुढचा सगळा भाग नाहीसा झाला. तिथे बसलेला जॉर्ज ॲबट त्या क्षणी गेला. त्याच्या मागे बसलेला नेव्हिगेटर रे लेडू फेकला गेला, बेशुद्ध पडला, पण वाचला. बर्फाळ वारा थेट पायलटांच्या तोंडावर. दिशा दाखवणारी उपकरणं गेली, ऑक्सिजन गेला, म्हणजे खाली उतरणं भाग, आणि खाली जर्मन तोफा. शुद्धीवर आल्यावर लेडू वर आला आणि खालची नदी, गावं ओळखत त्यानं वाट दाखवली. नाक नसलेलं ते विमान इंग्लंडमधल्या आपल्याच नटहॅम्पस्टेड तळावर उतरलं. जमिनीवर उभ्या त्या विमानाचा फोटो मी प्रत्येकाला दाखवते. पुढे तोंडच नाही, फक्त मोठं भगदाड.

आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ३१ डिसेंबर १९४४ ला हॅम्बुर्गच्या मोहिमेवर दोन बी-१७ एकावर एक अशी रुतून बसली. खालच्याचा वरचा तोफघुमट वरच्याच्या पोटात, वरच्याच्या पोटातला घुमट खालच्याच्या पाठीत. वरच्याचा पायलट ग्लेन रोजान यानं आपली इंजिनं बंद केली आणि सहवैमानिक विल्यम लीकबरोबर, पाय समोरच्या फळीला टेकवून, सगळ्या अंगाचा जोर लावून ते आठ इंजिनांचं ओझं जमिनीच्या दिशेला आणलं, म्हणजे बाकीच्यांना उड्या मारायला वेळ मिळावा. रोजाननं लीकलाही उडी मारायला सांगितलं. तो गेला नाही. एकट्याच्या ताकदीनं हे आवरणार नाही, हे त्याला दिसत होतं. विमानं आदळली, खालचं फुटलं, आणि हे दोघे चालत बाहेर आले.

फ्रान्झ स्टिगलर या जर्मन वैमानिकाची गोष्ट तुमच्यापैकी काहींना ठाऊक असेल. २० डिसेंबर १९४३, ब्रेमेन. चार्ली ब्राउन हा एकवीस वर्षांचा अमेरिकन पायलट, त्याच्या बी-१७ चं नाव ‘य ओल्ड पब’. नाक फुटलेलं, एक इंजिन बंद, दुसरी धड नाहीत, शेपटीचा गनर ठार, बाकीचे बरेच जखमी. ऑक्सिजन संपून ब्राउन बेशुद्ध झाला आणि विमान गरगरत खूप खाली आल्यावर भानावर आला. ते एका जर्मन तळाजवळून गेलं. तिथे पेट्रोल आणि गोळ्या भरायला थांबलेल्या स्टिगलरनं उड्डाण केलं, मागून गाठलं, आणि शेपटीकडून एकही गोळी येत नाही म्हणून जवळ गेला. इतका जवळ, की फाटलेल्या धडातून आतली माणसं एकमेकांच्या जखमा बांधताना त्याला दिसली. त्यानं घोड्यावरचं बोट काढलं. तो बाजूला येऊन उडू लागला, म्हणजे जर्मन तोफांनी डागू नये. किनारा संपेपर्यंत साथ दिली, हात कपाळाला लावला आणि वळला. दोघे पुन्हा भेटले १९९० साली, आणि २००८ मध्ये काही महिन्यांच्या अंतरानं दोघेही गेले.

यात मला वेगळीच एक गोष्ट दिसली. आपलं विमान किती मोडलं आहे हे ब्राउनला आतून नीट दिसतच नव्हतं, जसं ब्रॅगला दिसलं नव्हतं. पूर्ण विमान बाहेरूनच दिसतं. ब्रॅगच्या बाजूला तेव्हा मित्र उडत होता. ब्राउनच्या बाजूला शत्रू, आणि विमान उडतं आहे यावर विश्वास बसत नव्हता तो त्या शत्रूचा.

एव्हाना मला एका जागी थांबावं लागलं. मी वाचत होते त्या सगळ्या परतलेल्यांच्या गोष्टी. ब्रिटनच्या बॉम्बर कमांडमध्ये सुमारे १,२५,००० जणांनी उड्डाणं केली. त्यांतले ५५,५७३ मेले. त्यांच्या विमानांचे फोटो कुणी काढले नाहीत.

आणि हाच धागा पकडून एका माणसानं त्या काळात काम केलं होतं! अब्राहम वाल्ड. आजच्या रुमानियातल्या क्लुजमध्ये जन्मलेला ज्यू गणिती. नाझींनी ऑस्ट्रिया गिळल्यावर १९३८ मध्ये तो अमेरिकेला गेला. मागे राहिलेले त्याचे बहुतेक नातलग छळछावणीत मारले गेले. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात युद्धकामासाठी संख्याशास्त्रज्ञांचा एक गट होता. तिथे १९४३ मध्ये वाल्डनं या प्रश्नावर टिपणं लिहिली: परतलेल्या विमानांच्या भोकांवरून न परतलेल्यांबद्दल काय सांगता येईल? त्यानं उदाहरणाला मांडलेले आकडे मी वहीत उतरवून घेतले. समजा ४०० विमानं गेली, ३८० परतली. त्यांतल्या ३२० ना एकही भोक नाही, ३२ ना एक, २० ना दोन, ४ ना तीन, २ ना चार, २ ना पाच. उरलेली वीस कुठे आणि कशी गेली असतील? गोळे काही जागा निवडून बसत नाहीत. मग परतलेल्या विमानांच्या एखाद्या भागावर भोकं अपेक्षेपेक्षा कमी दिसली, तर त्याचा अर्थ तिथे लागत नाही असा नाही. तिथे ज्यांना लागलं ती परत आलीच नाहीत. उदाहरणार्थ, इंजिन.

हे वाचलं आणि मी पुन्हा सुरुवातीच्या फोटोकडे गेले. ‘ऑल अमेरिकन’ची शेपटी म्हणजे वाल्डच्या तक्त्यातली एक नोंदच! धड इतकं फाटूनही विमान येऊ शकतं, याचा पुरावा. आणि वॉर्ड? तो पेटलेल्या इंजिनाकडे रांगत गेला होता. जिथे लागल्यावर विमानं परतत नाहीत, नेमक्या त्याच जागी तो हातात कॅनव्हास घेऊन पोचला होता.

वाल्डचा शेवट आपल्याकडे झाला. भारत सरकारच्या निमंत्रणावरून तो व्याख्यानांसाठी आला होता. १९५० च्या डिसेंबरात निलगिरीच्या डोंगरांत त्याचं विमान कोसळलं. तो आणि त्याची पत्नी दोघेही त्यात गेले. विमानं कुठे मोडतात हे ज्यानं जगाला शिकवलं तो माणूस निलगिरीत गेला, हे आपल्या पाठ्यपुस्तकांत कुठेच कसं नाही?

आणि आता शेवटचं, जे कळल्यापासून माझे पाय जमिनीवर नाहीत. युद्ध संपल्यावर ब्रिटिश हवाई दलानं अमेरिकेकडून घेतलेली बरीच लिबरेटर बॉम्बर कानपूरला टाकून दिली. ती पुन्हा कुणाला उडवता येऊ नयेत म्हणून त्यांची मुद्दाम मोडतोड केली. स्वातंत्र्यानंतर आपल्याला बॉम्बर हवी होती आणि पैसे नव्हते. हिंदुस्तान एअरक्राफ्टची माणसं त्या भंगारात गेली, एकाचं काढून दुसऱ्याला लावलं, उडण्याइतपत उभी केली, आणि मुख्य चाचणी वैमानिक जमशेद मुन्शी यांनी तशीच ती एकेक करून बंगळूरला उडवत नेली! तिथे त्यांची नीट डागडुजी झाली. १९४८ च्या नोव्हेंबरात भारतीय हवाई दलाचं पाचवं स्क्वाड्रन त्यांच्यावर उभं राहिलं. पुढे सहाव्या स्क्वाड्रनकडे लिबरेटर आली, समुद्रावर टेहळणीसाठी, आणि त्यांचा तळ होता आपलं पुणं. ही विमानं १९६८ पर्यंत आपल्या सेवेत होती. ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्स म्युझियममध्ये आज जे लिबरेटर उभं आहे ते भारतातून गेलेलं आहे, आणि अमेरिकेतल्या संग्रहालयांतही अशी भारतातून गेलेली विमानं आहेत.

म्हणजे पन्नास-साठच्या दशकात लोहगावच्या बाजूला राहणाऱ्यांच्या डोक्यावरून चार इंजिनांची, दोन उभ्या शेपट्यांची ही विमानं रोज गेली असणार. विमाननगर तेव्हा नव्हतं, शेतं होती. हवाई दलात ती विमानं दुरुस्त केलेली, उडवलेली, त्यांत बसून अरबी समुद्रावर तासन्‌तास गेलेली मराठी माणसं असणारच. आता ती ऐंशी-नव्वदीत असतील. तुमचे आजोबा, शेजारी, सासरे, कुणी त्यांतले असतील तर मला कळवा. मी वही घेऊन येते.